तिच्या अंगावर फुलं, माझ्या अंगावर कस्टर्ड

पत्र:

ताई, नमस्कार. मी ४६ वर्षांची, डोंबिवलीत राहते, नोकरी फोर्टला. जानेवारीत नाशिकला मावसबहिणीच्या लेकीचं लग्न होतं, तिथे बहिणीच्या अंगाला इतका सुंदर वास येत होता ना, फुलांचा, आणि त्याच्या खाली हलकंसं गोड काहीतरी, की मी तिला बाजूला घेऊन विचारलंच काय लावलंयस म्हणून. पैठणी, केसात मोगऱ्याचे गजरे, आणि हा परफ्युम. बॉक्सवर निशिगंध, मोगरा आणि व्हॅनिला असं लिहिलंय. मी लगेच तोच मागवला, चांगला महाग आहे. एप्रिलपासून ऑफिसला जाताना लावते आणि माझ्या अंगावर त्याचं अक्षरशः कस्टर्ड होतं, फुलं कुठेच नाहीत. सासूबाई म्हणाल्या, कुठे आइस्क्रीम सांडलंय का गं. मिस्टर म्हणतात डोकं दुखतं. माझी मुलगी २० वर्षांची, ती पण तोच लावते, तिच्या अंगावरून म्हणे तासाभरात उडून जातो, पण ती खोलीत आली की मला लगेच कळतं. एक मैत्रीण म्हणाली तुझा पीएच बिघडला असेल. आता खरं सांगते, वर्षभर मला घाम खूप येतोय, मध्येच अंग तापतं, आणि आता सारखं वाटतं की माझ्याच अंगाला काहीतरी वास येतोय का ज्याने चांगला परफ्युमही बिघडतो? रोज आंघोळीनंतर कोको बटरचं लोशन लावते, केसांना खोबरेल, आणि परफ्युमचे गळ्यावर, मनगटांवर, ड्रेसवर मिळून सहा-सात स्प्रे. बाटली बहिणीला देऊन टाकू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर:

अगं, बाटलीचं नंतर बघू, आधी तुझ्या मनात जे बसलंय ते काढून टाकू. तुझ्या अंगाला काही वाईट वास येत नाहीये. आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही, तुझ्याच पत्रात त्याचं उत्तर आहे. घामाचा वास आंबूस असतो, कांद्यासारखा असतो, कधी जुनाट ओल्या कपड्यासारखा असतो, पण घामाचं कधी कस्टर्ड होत नाही. तुझ्या सासूबाईंना आइस्क्रीम आठवलं, घाम नाही आठवला. म्हणजे त्यांच्या नाकापर्यंत जे पोचलं ते बाटलीतूनच आलंय. आणि तू म्हणतेस तो अंगभर येणारा पाण्यासारखा घाम, त्याला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच, वास होतो तो काखेत वगैरे, तिथल्या ग्रंथींमधून जे निघतं ते बॅक्टेरिया खातात तेव्हा. त्यामुळे प्लीज ते डोक्यातून काढ.

मध्येच अंग तापणं, घाम फुटणं हे ४६ व्या वर्षी पाळी जायच्या आधीच्या काळात खूप जणींना होतं, त्याने झोप मोडत असेल किंवा ऑफिसात त्रास होत असेल तर गायनॅककडे जाऊन ये, सहन करत बसायची गरज नाही. आणि त्याचा परफ्युमशी संबंध आहे, पण तू समजतेस तसा नाही. सांगते पुढे.

आता मैत्रिणीचा पीएच, म्हणजे त्वचा किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा. हे मी परफ्युमच्या दुकानात काउंटरवर उभी राहून इतक्या वेळा ऐकलंय, आणि सेल्सवाले स्वतःच सांगतात लोकांना, म्हणून जरा स्पष्ट बोलते. निरोगी त्वचा सगळ्यांचीच थोडी आम्लधर्मी असते, साधारण साडेचार ते सहाच्या मधे, तुझी माझी सगळ्यांची. या एवढ्याशा फरकाने निशिगंधाचं कस्टर्ड होत नाही. परफ्युमवर खरा परिणाम होतो तो त्वचा किती तेलकट, किती कोरडी, किती गरम याचा. त्वचेवरचे एन्झाइम काही रेणू थोडेफार मोडतात हे खरं आहे, पण तुझी गोष्ट समजायला तिथपर्यंत जायची गरजच नाही. "पीएच बिघडला" हे ऐकून बायका उगाच घाबरतात आणि साबण बदलत बसतात, म्हणून मला या शब्दाचा राग येतो.

मग झालं काय? तू पत्रात अगदी सहज लिहून गेलीस, केसात मोगऱ्याचे गजरे. माझं लक्ष तिथेच अडकलं. अगं, तू ज्या फुलांच्या वासाच्या प्रेमात पडलीस त्यातला बराचसा वास बाटलीतला नव्हताच, तो गजऱ्यातला होता! ताजा मोगरा केसात म्हणजे मानेपासून चार बोटांवर, आणि मानेवरच तो परफ्युम. तू तिला बाजूला घेतलंस, नाक गेलं नेमकं त्या दोघांच्या मधे. खऱ्या मोगऱ्याला एक हिरवट, गार, पाण्याचा शिडकावा मारल्यासारखा ताजेपणा असतो, आणि कळ्या उमलत असल्यामुळे तो तासन् तास नवा नवा येत राहतो, बाटली कितीही महाग असली तरी तिला हे जमत नाही कारण बाटलीतलं एकदाच लावलं जातं आणि मग फक्त उडत जातं. वरून खऱ्या फुलाचा ताजेपणा, खालून व्हॅनिलाची ऊब, काय सुंदर लागलं असेल ते, मला वाचतानाच कळलं. तुझी निवड चुकलेली नाही गं, फक्त तुला आवडला तो वास दोन गोष्टींचा मिळून होता आणि त्यातली एकच तू विकत घेतलीस.

दुसरं, ते नाशिक होतं आणि जानेवारी होता. तिथे जानेवारीत पहाटे-रात्री गारठा किती असतो तुला माहितीये, पारा १० अंशांच्या आसपास येतो. थंडीत परफ्युम हळूहळू उडतो. त्यातले जे हलके रेणू असतात, फुलांचा वरचा ताजा भाग, मोगऱ्याचं ते फळासारखं गोडसर काहीतरी, ते थंडीत अंगावर जास्त वेळ रेंगाळतात. व्हॅनिला मात्र जड. व्हॅनिलिन इतकं सावकाश उडतं की कागदाच्या पट्टीवर मारून ठेवलं तर आठवड्यानंतरही येतं. म्हणजे थंडीत दोघं बराच वेळ बरोबर असतात, वर फुलं, खाली व्हॅनिला. आणि तू लावतेस कधी, तर एप्रिल-मे मधे, डोंबिवलीच्या दमट हवेत, स्टेशनपर्यंत चालत, मग लोकलमधे उभी. अंग गरम, हवा गरम, त्यात मध्येच अंग तापलं की त्वचेचं तापमान अजून वर. फुलांचा ताजा भाग मुंब्रा यायच्या आत उडून जातो आणि उरतं ते तळातलं सगळं एकदम. हाच तो संबंध जो मी वर म्हणाले. तुझं शरीर परफ्युम बिघडवत नाहीये, ते त्याला फास्ट फॉरवर्ड करतंय.

पण तरी नुसती व्हॅनिला म्हणजे कस्टर्ड नाही. कस्टर्डला दूध लागतं. ते दूध कुठून आलं ते सांगते, मला हा भाग फार आवडतो.

निशिगंध कधी बारकाईने हुंगलायस? हारातला नाही, हारातला दमलेला असतो, तो अर्धा झेंडूचा वास घेऊन येतो. संध्याकाळी ताजी काडी घे, वरच्या दोन-तीन कळ्या बंद, खालची फुलं उघडलेली. सुरुवातीला नाकाला एक जरासा बामसारखा झणका लागतो, तो मिथाइल सॅलिसिलेटचा, जे विंटरग्रीनच्या तेलात असतं आणि आपल्या दुखऱ्या पाठीच्या मलमांमधेही असतं. तो ओसरला की हिरवट गोड. आणि मग अगदी फुलाच्या नळीशी नाक नेलंस तर एक साय धरल्यासारखा, लोण्यासारखा, खोबऱ्यासारखा स्निग्ध वास, तो लॅक्टोन नावाच्या रेणूंचा. आता गंमत बघ, हे लॅक्टोन तुलनेने जड असतात. म्हणजे गरमीत निशिगंधाचा झणका गेला, हिरवेपणा गेला, आणि उरलं काय तर त्याची साय. आणि साय व्हॅनिलावर बसली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण तुझ्या केसांना खोबरेल, आणि खोबरेलाचा जो ओळखीचा वास आहे तो सुद्धा लॅक्टोनचाच! त्यात कोको बटरचं लोशन, ज्यात बहुतेक वेळा चॉकलेट-व्हॅनिलाचा सेंट वेगळा घातलेला असतो. म्हणजे परफ्युम अंगाला लागायच्या आधीच अंगावर खोबरं, कोको आणि व्हॅनिला तयार आहेत, त्यावर निशिगंधाची साय आणि अजून व्हॅनिला. सासूबाईंचं नाक एकदम पक्कं आहे गं, त्यांनी बरोबर ओळखलं. त्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस, त्या तुला बोलल्या नाहीत, त्यांना जे आलं ते त्यांनी सांगितलं. आपल्याकडे व्हॅनिला म्हणजे लहानपणापासून आइस्क्रीम, केक, कस्टर्ड पावडर, दुसरं काही नाही. आपल्या आधीच्या पिढीने व्हॅनिला कपाळाला मळवटासारखी किंवा अंगाला उटण्यासारखी कधी लावलेली नाही, ती थेट वाटीतच आली. त्यामुळे ती माणसाच्या अंगावर आली की आपलं नाक आधी वाटी शोधतं. फ्रेंच बाईला तोच वास आजीच्या ड्रेसिंग टेबलाचा वाटू शकतो, कारण तिकडे गेर्लॅं या परफ्युम बनवणाऱ्या घराण्याने १८८९ मधे जिकी नावाच्या परफ्युममधे व्हॅनिलिन वापरलं आणि १९२५ च्या शालिमार या परफ्युममधे तर एथिल व्हॅनिलिन चांगलं सढळ हाताने, म्हणजे तिथे पिढ्यान् पिढ्या व्हॅनिला बायकांच्या मानेवर आहे.

हे एथिल व्हॅनिलिन लक्षात ठेव. बाजारातल्या बहुतेक परफ्युममधे शेंगेतून काढलेली खरी व्हॅनिला असलीच तर नावापुरती, ती फार महाग पडते, ऑर्किडचं फूल हाताने एकेक परागीभवन करून मग शेंगा महिनोन् महिने मुरवाव्या लागतात. (ही हाताने करायची पद्धत १८४१ मधे रियुनियन बेटावर एडमंड अल्बिअस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, त्याच्यामुळे जगभर व्हॅनिला पिकली, आणि त्याच्या वाट्याला त्यातलं जवळपास काही आलं नाही. व्हॅनिलाचा विषय निघाला की मी त्याचं नाव घेतेच.) प्रयोगशाळेतलं व्हॅनिलिन १८७४ पासून आहे आणि एथिल व्हॅनिलिन त्याच्याहून साधारण तिप्पट-चौपट तीव्र. त्यामुळे असल्या परफ्युममधे दोन स्प्रे आणि सात स्प्रे यातला फरक नुसता जास्त-कमीचा राहत नाही. फुलं सातपट टिकत नाहीत, ती तशीही उडतात, पण व्हॅनिला सातही स्प्रेंची जिथल्या तिथे बसून राहते, आणि ड्रेसवर मारलेली तर धुवेपर्यंत. कालचा दुपट्टा आज पुन्हा घेतलास तर कालची व्हॅनिला आजच्या व्हॅनिलाला भेटते.

आता तुझ्या लेकीचं. एकाच घरात, एकाच हवेत, तीच बाटली, आणि तिच्या अंगावर टिकत नाही. एसी, पिंपल्ससाठीचे ते कडक फेसवॉश आणि साबण, या वयाच्या पुष्कळ मुली अंगाला मॉइश्चरायझर लावतच नाहीत, तुझी लेक लावते का बघ. कोरड्या त्वचेवर परफ्युम म्हणजे तापल्या जमिनीवर पाणी शिंपडल्यासारखं. त्वचेच्या तेलात सुगंधी रेणू विरघळून धरून राहतात, तेलच नसेल तर धरणार कोण? म्हणून ज्यांची त्वचा तेलकट त्यांच्या अंगावर परफ्युम दाट आणि लांब चालतो आणि कोरडीवर तो पातळ आणि लवकर सरतो.

पण तू लिहिलंयस की ती खोलीत आली की तुला लगेच कळतं. म्हणजे तिच्या अंगावरून तो गेलेला नाहीच! तिला येत नाहीये, एवढंच. हे समजून घे कारण हे तुलाही लागू आहे. कुठलाही वास सतत नाकाशी राहिला की थोड्या वेळात नाक तो दाखवायचं बंद करतं, घरात गॅसवर मासे तळताना आपल्याला कळत नाही पण बाहेरून आलेल्याला दारातच कळतं, तेच. आणि त्यात परफ्युमच्या तळाशी जे कृत्रिम मस्क, म्हणजे कस्तुरीसारख्या वासाचे रेणू असतात ते काही लोकांना जन्मतःच येत नाहीत, एखादा विशिष्ट मस्क येत नाही पण दुसरा येतो असंही होतं. आपल्या नाकात वास ओळखणारे साधारण ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात आणि ते ज्या जनुकांवरून बनतात त्यात माणसामाणसात फरक असतो. व्हायोलेटच्या फुलांच्या वासाचं तर चांगलं अभ्यासलेलं उदाहरण आहे, एका जनुकातल्या फरकामुळे काहींना तो गोड फुलासारखा येतो आणि काहींना आंबट, उग्र. एकच रेणू, दोन माणसं, दोन वेगळे वास. म्हणून "तुझ्या अंगावर वेगळा लागतो" असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा त्यातलं किती अंगाचं आणि किती म्हणणाऱ्याच्या नाकाचं हे आधी विचारावं. मला तर वाटतं लोक त्वचेला फार दोष देतात आणि नाकाला फार कमी.

काउंटरवर मी हे बघायचे. दोन मैत्रिणी यायच्या, एकीच्या मनगटावर स्प्रे, दुसरीच्या मनगटावर तोच स्प्रे, लगेच एकमेकींचं हुंगायच्या आणि म्हणायच्या, ई, तुझ्यावर किती छान, माझ्यावर नाही. मी त्यांना म्हणायचे आता डोळे मिटा, आणि मी दोघींची मनगटं उलटसुलट करून नाकाशी धरायचे. बऱ्याच वेळा त्यांना ओळखताच यायचं नाही कुठलं कुणाचं, किंवा त्या स्वतःचंच दुसरीचं समजून छान म्हणायच्या. फरक अजिबात नसतो असं नाही, तासाभराने मात्र खरा फरक दिसायचा, एकीच्या मनगटावर फूल अजून असायचं आणि दुसरीच्या मनगटावर गोडवा वर आलेला. पण त्या पहिल्या पाच मिनिटांत जे वाटतं ना, त्यात दुसरीचं ते चांगलं हेच जास्त असतं. बहिणीच्या बाबतीत तुझंही थोडं हे झालं असेल बरं का. लग्नघर, पैठणी, ती खुशीत, तू खुशीत.

मिस्टरांचं डोकं दुखतं ते मात्र मी हलक्यात घेणार नाही. काहींना तीव्र वासाने खरंच डोकं चढतं, मायग्रेन असेल तर जास्तच, आणि ते मुद्दाम करत नाहीत. बेडरूममधे स्प्रे करू नकोस, बाहेर गॅलरीत किंवा निघताना दारापाशी कर. तोच विचार ट्रेनचाही, लेडीज डब्यात पंख्याखाली इतक्या बायका चिकटून उभ्या असतात, कुणी गरोदर असते, कुणी उपाशीपोटी निघालेली असते, सात स्प्रेची व्हॅनिला त्यांच्या नाकाशी येते आणि त्यांना उतरता येत नाही.

बरं, आता करायचं काय. बाटली देऊ नकोस. एक रविवार काढ जेव्हा तू घरी आहेस आणि कुठे जायची घाई नाही. त्या दिवशी कोको बटर नाही, केसांना खोबरेल नाही, साबणही शक्यतो साधा, उग्र वासाचा नको. एका हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलीनचं बोट फिरव, दुसऱ्या हाताला काहीच नको. दोन्हीकडे एकेक स्प्रे, एकच, वीतभर अंतरावरून. चोळू नकोस, चोळल्याने रेणू मोडतात वगैरे लोक म्हणतात तसं काही होत नाही पण घर्षणाने गरम होतं आणि फुलांचा वरचा भाग लवकर उडतो, आणि तुला तर तोच हवाय. आणि एक स्प्रे एखाद्या जुन्या सुती ओढणीच्या तुकड्यावर. लगेच हुंगू नकोस, आधी अल्कोहोलच येतं. अर्ध्या तासाने बघ, मग जेवणानंतर बघ, मग संध्याकाळी बघ, तिन्ही ठिकाणी. मध्ये नाक दमलं तर कॉफीच्या बिया वगैरे शोधू नकोस, दुकानात ठेवतात त्या पण त्याने काही खास होत नाही, खिडकीशी जाऊन चार श्वास घे किंवा स्वतःच्या स्वच्छ बाहीचा वास घे, बास.

आणि मुख्य म्हणजे फक्त स्वतःच्या नाकावर जाऊ नकोस. तू कोपराला नाक लावून जे हुंगतेस ते जवळून, सगळं तळातलं. समोरच्याला येतं ते हातभर अंतरावरून, हवेतून, त्यात चित्र वेगळं असतं. सासूबाईंना विचार, त्यांचं नाक चांगलं आहे हे सिद्ध झालेलंच आहे. आई, सांगा बरं आज काय येतंय, एवढंच विचार, परफ्युम लावलाय हे आधी सांगू नकोस. मला वाटतं त्यांना हे विचारलेलं आवडेल पण.

माझा अंदाज, कापडावर तुला फुलं सगळ्यात जास्त वेळ मिळतील, कारण कापड तुझ्या अंगासारखं तापत नाही. तसं झालं तर उन्हाळ्यात हा परफ्युम अंगावर लावूच नकोस, कपड्यावर एक, फार तर दोन, ते पण कमरेखाली, कुर्त्याच्या घेराच्या आतल्या बाजूला, म्हणजे चालताना वर येईल आणि दिवसभर तुझ्या नाकाखाली बसणार नाही. फक्त पांढऱ्या आणि फिक्या कपड्यावर नको, व्हॅनिलिनने हळूहळू पिवळट-तपकिरी डाग धरतात. रेशमावर तर अजिबात नको. बाटलीतला रंग पण काही महिन्यांनी चहासारखा गडद होत जाईल, घाबरू नकोस, व्हॅनिला असलेल्या परफ्युमचं असं होतं, त्याने तो खराब झाला असं नाही. पण बाथरूमच्या शेल्फवर किंवा खिडकीत ठेवू नकोस, कपाटात, अंधारात, त्याच्या बॉक्समधेच ठेव.

उन्हाळ्याच्या ऑफिसच्या दिवसांना तुला दुसरं काहीतरी हलकं लागेल. वाळ्याचं, लिंबाच्या जातीचं, किंवा नुसतं मोगऱ्याचं अत्तर. अत्तरात अल्कोहोल नसतं त्यामुळे ते अंगाला जवळ राहतं, ट्रेनमधे कुणाला त्रास नाही. फक्त घेताना बघून घे, जुन्या पद्धतीत मोगऱ्याचा अर्क चंदनाच्या तेलात धरतात आणि चंदन आता फार महाग झालंय, स्वस्तात मिळतं त्यात बऱ्याचदा पॅराफिनचं तेल असतं. ते वाईट असतं असं नाही, पण चंदनाच्या भावाने घेऊ नकोस. आणि असं अत्तर हाताशी असलं ना तर थंडीत त्याचा अजून एक उपयोग आहे, मानेवर मागे, केसांच्या रेषेखाली मोगरा अत्तराचा एक ठिपका आणि कोपरावर तुझा निशिगंध-व्हॅनिला. फुलं अत्तर देईल, ऊब बाटली देईल. किंवा सरळ गजरा माळ. तुझ्या आवडीच्या त्या वासाच्या सगळ्यात जवळ तू त्याच मार्गाने जाशील आणि गजरा बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त येतो.

लेकीला सांग आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच बिनवासाचं लोशन लाव आणि मग एकच स्प्रे, आणि तासाने "गेला" म्हणून परत मारू नकोस, आईला विचार आधी. तिला नकळत घ्यायला लागू नये म्हणून तिच्यासाठी छोट्या ट्रॅव्हल स्प्रेमधे थोडा काढून दे, तुझा काही संपत नाही इतक्यात, दोन-दोन स्प्रेने बरेच दिवस जाईल. आणि दोघींपैकी कुणालाही लावलेल्या जागी खाज किंवा लाल चट्टा आला तर धुवून टाका आणि पुन्हा त्या अंगावर लावू नका, कापडावरही थोडे दिवस नको, कमी झालं नाही तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवा आणि जाताना बाटली बरोबर न्या.